शोकाचे एकवचन : लता मंगेशकर यांच्या निधनानंतरच्या मराठी मृत्युलेखनाविषयी

लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूनंतर समाज जो शोक प्रकट करतो, त्याची दखल आपल्या साहित्यसमीक्षेने फारशी घेतलेली नाही. समूहाचा क्षणिक उमाळा म्हणून तो समाजशास्त्राच्या किंवा वृत्तपत्रविद्येच्या स्वाधीन करून समीक्षक मोकळा होतो. नाहीतर स्वतःच त्या शोकात सामील होऊन एखादा मृत्युलेख लिहितो आणि त्या लेखापुरते आपले समीक्षकपण बाजूला ठेवतो. दोन्ही प्रसंगी एक गोष्ट निसटते. सार्वजनिक शोक हा प्रथमतः भाषिक व्यवहार आहे. त्याची शब्दकळा ठरलेली असते, रूपके ठरलेली असतात, निवेदकाची भूमिका ठरलेली असते. कोणी काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही याचेही संकेत असतात. म्हणजे ती एक संहिता आहे, आणि संहितेचे वाचन हे तर आपले काम. लता मंगेशकर यांच्या निधनानंतर मराठीत जे लिहिले-बोलले गेले त्याच्या आधारे या संहितेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लताबाईंच्या गाण्याचे मूल्यमापन हा येथे विषय नाही. तथापि तो प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही, हेही या विवेचनात दिसून येईल.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी सकाळी मुंबईत लताबाईंचे निधन झाले. वयाची ९२ वर्षे त्यांनी पूर्ण केली होती. त्याच दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या मैदानावर पंतप्रधानांच्या उपस्थितीत आणि शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. केंद्र शासनाने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला, महाराष्ट्र शासनाने ७ तारखेला सार्वजनिक सुट्टी दिली. या दोन-तीन दिवसांत वृत्तपत्रांची पाने, दूरचित्रवाणीवरील निवेदने आणि पुढे साप्ताहिकांचे विशेष विभाग यांतून जी भाषा वाहिली, तिचा कोश फार मोठा नाही. स्वर हरपला, सूर निमाला, गानसरस्वती अनंतात विलीन झाली, पोकळी निर्माण झाली, आपण पोरके झालो, युगान्त झाला. (इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ हा शब्द महाभारताच्या संदर्भात एका संपूर्ण मूल्यव्यवस्थेच्या अस्ताला वापरला होता. १९६७च्या त्या पुस्तकानंतर त्या शब्दाला मराठीत जे वजन आले, ते आता दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणाच्या ना कोणाच्या निधनावर खर्ची पडते.)

या कोशातील पहिलाच शब्दप्रयोग थांबून पाहण्यासारखा आहे. स्वर हरपला असे म्हटले गेले, त्या दिवशी तो स्वर जितका ऐकू आला तितका क्वचितच एखाद्या दिवशी आला असेल. घराघरांतून, रिक्षांमधून, चौकांत लावलेल्या ध्वनिवर्धकांवरून, प्रत्येक वाहिनीवरील निवेदनाच्या पाठीमागून तोच आवाज येत होता. बरे, त्या आधीची कित्येक वर्षे नवे गाणे जवळजवळ नव्हतेच. ज्या लतेवर लोकांनी प्रेम केले ती ध्वनिमुद्रणांतील लता, आणि ती ५ फेब्रुवारीला जितकी उपलब्ध होती तितकीच ७ फेब्रुवारीलाही होती. मग हरपले ते काय? शोकाच्या भाषेचे विधान आणि शोकाचा प्रत्यक्ष अनुभव यांत येथे उघड विसंगती आहे. ती केवळ अतिशयोक्ती म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्यामुळे मूळ प्रश्न तसाच राहतो.

भरताने करुण आणि विप्रलंभ यांत जो भेद केला आहे तो या ठिकाणी उपयोगी पडतो. प्रिय व्यक्तीचा विरह दोहोंतही असतो; परंतु विप्रलंभ सापेक्ष आहे, त्यात पुनर्भेटीची अपेक्षा जिवंत असते, तर करुण निरपेक्ष, तेथे ती अपेक्षाच संपलेली असते. ध्वनिमुद्रित गायिकेच्या श्रोत्याची स्थिती या दोन्हींत बसत नाही. त्याची भेट कधी झालीच नव्हती, म्हणून पुनर्भेटीचा प्रश्न नाही. आणि ज्याची भेट होत होती तो आवाज कोठेच गेलेला नाही. श्रोत्याचे नाते मुळातच एका अनुपस्थित देहाशी होते. मृत्यूने त्या अनुपस्थितीत भर घातली नाही. उलट, चमत्कारिक वाटेल, पण मृत्यूने काही काळ तरी तो देह समोर आणला.

पार्श्वगायनाचा इतिहास लक्षात घेतला म्हणजे हे विधान विक्षिप्त वाटणार नाही. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील ज्या गीताने लताबाईंना देशभर पोचवले, त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव नव्हते. नाव होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील पात्राचे. आवाज एका बाईचा, ओठ दुसरीचे आणि नाव तिसऱ्याच एका कल्पित स्त्रीचे, अशी ती रचना होती. श्रोते गायिका कोण हे विचारू लागले, मग नाव पुढे आले. दुसऱ्या टोकाला, भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांसाठी लताबाईंनी संगीत दिले ते ‘आनंदघन’ या पुरुषी वळणाच्या टोपणनावाने. ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटाच्या संगीताला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले तेही या नावालाच. ज्या कलावंताच्या कारकिर्दीत आवाज, नाव आणि देह ही तीन सतत एकमेकांपासून सुटी राहिली, त्या कलावंताच्या अंत्ययात्रेत ती प्रथमच एकत्र येतात. फुलांनी सजवलेल्या वाहनावर देह आहे, त्याच्याभोवती आवाज वाजतो आहे आणि नावाचा जयघोष चालला आहे. वॉल्टर बेंजामिनने १९३६च्या निबंधात यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे मूळ कलाकृतीचे तेजोवलय ओसरते असे म्हटले होते. पार्श्वगीताला असे ‘मूळ’ नसतेच. ध्वनिमुद्रण हीच त्याची आद्य अवस्था. त्याला तेजोवलय लाभते ते कलावंताच्या चितेपाशी, असे म्हणावे लागेल. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक आवाजाला निरोप देत नव्हते. ज्याला त्यांनी कधी पाहिले नव्हते त्या देहाचे ते पहिले आणि शेवटचे दर्शन घेत होते. ‘अंत्यदर्शन’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातील ‘दर्शन’ हे पद येथे अक्षरशः खरे होते.

असे असेल तर शोकाची रूढ भाषा खोटी ठरते काय? आपल्याकडील अभिजनवादी समीक्षकाचे उत्तर होकारार्थी असते, आणि मला ते मान्य नाही. रूढ शब्द म्हणजे कृत्रिम भावना हे समीकरण रोमँटिक साहित्यविचाराने आपल्याला दिले आहे. दुर्खीमने १९१२ साली आणि त्याच्या पाठोपाठ मार्सेल मॉसने १९२१ साली दाखवून दिले होते की, शोकविधीतील आक्रोश हा व्यक्तीच्या अंतःकरणातून आपोआप फुटलेला उद्गार नसतो, समूहाने घातलेले ते कर्तव्य असते. पण कर्तव्य म्हणून केलेला शोक खोटा असतो असे त्यांपैकी कोणीच म्हटलेले नाही. यासाठी ऑस्ट्रेलियातील आदिवासींपर्यंत जाण्याचेही कारण नाही. मयताच्या घरी हेल काढून रडणारी बाई आपल्या खेड्यांतून अजून पुरती नाहीशी झालेली नाही. तिचा हेल परंपरेचा असतो, संबोधने परंपरेची असतात, गुणवर्णनाचा क्रमही जवळजवळ ठरलेला असतो. परंतु त्या साच्यात ती जे भरते ते तिचे असते. कोणत्या साली दुष्काळात कोणी पायली दिली, कोणाच्या लग्नात कोण रुसले होते, हे सारे त्या हेलात येते. आणि मेलेल्या नवऱ्याच्या खोडीही येतात. बहीण जे म्हणते ते सून म्हणत नाही. साचा एकच, पण शोक प्रत्येकीचा वेगळा.

हाच भेद सुतकाच्या व्यवस्थेत आहे. सुतकाला प्रतवारी असते. कोणाला दहा दिवस, कोणाला तीन, कोणाला नुसते स्नान. तिच्यातील जातीय आणि पितृसत्ताक गाभ्याबद्दल मला काही भ्रम नाही; पण ‘तुझे मृताशी नाते कोणते?’ हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारते, एवढे मान्य करावे लागते. ‘दुखवटा’ या शब्दाचा प्रवासही या संदर्भात बोलका आहे. नातेवाइकांनी येऊन, नवे वस्त्र देऊन, शोकाकुल माणसाला शोकातून बाहेर काढायचे, म्हणजे दुखवटा काढायचा, ही जुनी रीत. तेथे दुखवटा कोणीतरी कोणाचा तरी काढत असे. शासकीय दुखवट्यात ध्वज दोन दिवस अर्ध्यावर असतो आणि तिसऱ्या दिवशी आपोआप वर जातो. तो सर्वांना सारखाच आणि सर्वांसाठी एकाच क्षणी संपणारा. लताबाईंच्या मृत्युलेखनात ‘दीदी’ आणि ‘पोरके’ ही दोन पदे किती वेळा आली ते पाहावे. नाते सांगणारी ही पदे. पण सगळ्यांनी सारखीच वापरल्यामुळे ती कोणतेच विशिष्ट नाते सांगेनाशी झाली. लेखाच्या शीर्षकात मी ज्याला शोकाचे एकवचन म्हणतो आहे ते हे.

मराठी वाङ्मयात हे असेच चालत आलेले आहे, असे मात्र नाही. आपल्या परंपरेत सार्वजनिक शोकाची अभिजात संहिता म्हणजे नामदेवांचे ज्ञानदेव-समाधीचे अभंग. (त्यांतील कोणते अभंग कोणत्या नामदेवाचे या वादात येथे शिरण्याचे कारण नाही; संहिता म्हणून त्यांची परिणामकारकता त्या वादावर अवलंबून नाही.) प्रथमदर्शनी आजच्या मृत्युलेखांचे मूळ तेथेच आहे असे वाटेल. तेथेही देव कष्टी होतो, चराचर व्याकूळ होते, एका व्यक्तीच्या जाण्याने विश्वाची घडी विसकटते. परंतु अभंगमाला नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. शोक करणारे तेथे एकेक करून समोर येतात, आणि प्रत्येकाचा शोक त्याच्या नात्याने घडलेला असतो. निवृत्तींचा प्रसंग पाहावा. ते थोरले बंधू आणि गुरूही. ज्याने ज्ञान दिले त्याचाच धीर सुटतो, आणि त्यासाठी येणाऱ्या प्रतिमा शेताशिवाराच्या आणि पाण्याच्या, घरगुती आहेत. विठ्ठलाचा शोक भक्त गमावणाऱ्या देवाचा आहे, मुक्ताईचा धाकट्या बहिणीचा, नामदेवांचा सख्याचा. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीच्या समाधिसोहळ्यात नामदेवांच्या वंशजांचे कीर्तन आजही होते. सात शतकांनंतरही त्या शोकात विशिष्ट घराण्याला विशिष्ट जागा आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. आधुनिक मृत्युलेखाने या संहितेतून चराचराची व्याकुळता तेवढी उचलली. एकेकाचा वेगळा शोक मागेच राहिला.

दुसरी संहिता याहून निराळी आहे, आणि माझ्या मते आपल्यासाठी अधिक महत्त्वाची. लीळाचरित्राचा जन्म शोकातून झाला आहे, हे आपण त्याला ‘आद्य गद्यचरित्र’ म्हणून शिकवताना विसरतो. चक्रधर उत्तरापंथे गेले, पुढे गोविंदप्रभूही गेले, आणि मागे राहिलेल्या नागदेवाचार्यांपाशी केवळ स्मरण उरले. त्या स्मरणाला म्हाइंभटांनी लेखनाचे रूप दिले ते कसे? विलापिका लिहून नव्हे. ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडे जाऊन, ती विचारून, पडताळून. स्वामी कोठे बसले होते, काय खाल्ले, कोणावर रागावले, कोणाची थट्टा केली, हे लहानसहान तपशील त्यांनी जमवले. आणि दोन साक्षीदारांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा एकीला गप्प बसवले नाही, पाठभेद ठेवले. श्रद्धा अढळ असताना मतभेद नोंदवण्याची ही वृत्ती मराठी गद्याच्या उगमापाशीच आहे. शोकाचे हे अनेकवचन.

तेथून आधुनिक काळाकडे येताना मधला मोठा टप्पा राजकीय मृत्युलेखनाचा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि गिरगाव चौपाटीवर, म्हणजे स्मशानाबाहेर, मोकळ्या सार्वजनिक जागी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. शोकाला मैदान लागते ही कल्पना मुंबईत तेव्हापासून रुजली. शोकाला सूर्य लागतो ही कल्पना कोणी रुजवली हे निश्चित सांगणे कठीण, पण तिला पूर्णत्व दिले ते आचार्य अत्र्यांनी. नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली ‘मराठा’तून त्यांनी लिहिलेली लेखमाला ‘सूर्यास्त’ या नावाने ग्रंथरूप झाली. शीर्षकच सारे काही सांगते. अत्रे हे समर्थ लेखक होते. त्यांच्या अतिशयोक्तीला वक्तृत्वाचा श्वास होता, शिवाय ज्यांच्याशी हयातीत ते कडाडून भांडले होते त्यांच्यावर ते लिहीत होते, त्यामुळे त्या उमाळ्याखाली ताण होता. त्यांच्यानंतर ताण गेला आणि सूर्य उरला. पुढे राजकीय पुरुषासाठी घडलेला हा साचा जसाच्या तसा कलावंताला लावला जाऊ लागला. तो बसत नाही. राष्ट्रनेता गेल्यावर पोकळी निर्माण होते या विधानाला काही एक अर्थ आहे, कारण पद रिकामे होते. गायिका गेल्यावर कोणते पद रिकामे होते?

लताबाईंच्या बाबतीत या साच्याला योगायोगाची जोड मिळाली. ५ फेब्रुवारीला वसंत पंचमी होती. सरस्वतीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या दिवशी, त्या गेल्या. सरस्वतीच आली होती आणि विसर्जनासोबत परत गेली, ही कल्पना त्या दिवशी असंख्यांना एकाच वेळी सुचली. सुचणे स्वाभाविक होते, मी तिला हसत नाही. परंतु अलंकारशास्त्राच्या भाषेत येथे काय घडते ते पाहावे. उत्प्रेक्षेत ‘जणू’ असते. उपमेय आणि उपमान यांच्यामधली फट उघडी असते. रूपकात ती बुजते. अतिशयोक्तीत उपमेयच गिळले जाते. सरस्वती उरली, पण तेराव्या वर्षी पितृछत्र हरपल्यावर घर चालवण्यासाठी रंगभूषा करून कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली, ध्वनिमुद्रिकेवर नाव नसल्याचा अनुभव घेतलेली, आणि मग आपल्या आवाजाच्या मालकीसाठी उभी राहिलेली बाई गिळली गेली. पार्श्वगायकांसाठी पारितोषिकच नाही म्हणून फिल्मफेअरच्या सोहळ्यात गाण्यास लताबाईंनी नकार दिला होता; ते पारितोषिक १९५९मध्ये सुरू झाले. मानधनाव्यतिरिक्त गायकाला स्वामित्वधन मिळावे यासाठी त्यांनी महंमद रफींसारख्या सहकलावंताशी वैर पत्करले. हे उल्लेख मृत्युलेखांत नव्हते असे नाही. होते, पण बाणेदारपणाचे दागिने म्हणून. ध्वनिमुद्रणाच्या उद्योगात आवाज हा श्रम आहे आणि त्या श्रमावर हक्क कोणाचा, हा त्यांच्या भांडणाचा आशय होता. देवीला स्वामित्वधन मागता येत नाही.

येथे एका वेगळ्या शोकाची आठवण करून दिली पाहिजे. शिवाजी पार्कच्या मैदानापासून चैत्यभूमी हाकेच्या अंतरावर आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या किनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. चितेला अग्नी देण्यापूर्वी त्या पार्थिवाच्या साक्षीने प्रचंड समुदायाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. शोक करणारे तेथे प्रेक्षक नव्हते. अपूर्ण राहिलेले कार्य त्यांनी त्याच जागी पुढे नेले. शब्दही त्यांनी स्वतःचा घेतला. पुण्यतिथी नव्हे, महापरिनिर्वाण दिन. ही तुलना व्यक्तींची नाही, तशी ती करणे गैर ठरेल. शोकाच्या दोन रीतींची आहे. एका शोकाने नवी भाषा घडवली, दुसऱ्याने मिळालेली भाषा वापरली.

मिळालेली एकवचनी भाषा दुसऱ्या शोकाला किती जागा देते, याची कसोटी त्याच संध्याकाळी लागली. शाहरुख खान यांनी पार्थिवासमोर हात उचलून दुआ मागितली आणि मुखपट्टी खाली करून फुंकर घातली. काही तासांत ते थुंकले असा आरोप समाजमाध्यमांतून पसरवला गेला. त्याला उत्तरही अनेकांनी दिले, पण उत्तर द्यावे लागले हेच पुरेसे आहे. या आरोपामागील राजकारण उघड आहे. मला त्याची भाषिक बाजू अधिक अस्वस्थ करते. दुखऱ्या जागेवर फुंकर घालणे हा सांत्वनाचा मराठीतील अगदी घरगुती वाक्प्रचार. आई फुंकर घालते, पिराच्या दर्ग्यात मुजावर घालतो. ही खूण मराठी माणसाला न कळावी असे तिच्यात काहीच नव्हते. परंतु शोक एकाच तऱ्हेने करायचा असे एकदा ठरले की दुसऱ्याची शोकाची खूण अपशकुनासारखी दिसू लागते. त्या पाठोपाठ त्याच मैदानावर स्मारक व्हावे की नाही हा वाद सुरू झाला. अखेर या प्रश्नाचे राजकारण थांबवा असे हृदयनाथ मंगेशकर यांना जाहीरपणे सांगावे लागले. ज्यांचे सुतक खरोखर होते त्यांना, सुतक नसलेल्यांची समजूत काढावी लागली.

आता मूल्यमापनाच्या प्रश्नाकडे यावे लागते. मृत्यूनंतर काही दिवस तरी दोषदर्शन करू नये हा संकेत सभ्यतेचा आहे आणि तो मला मान्य आहे. पण कलावंताच्या बाबतीत मतभेद म्हणजे दोषदर्शन असे मानणे, ही त्या संकेताची विकृती होय. लताबाईंवर जे काही उत्तम लिहिले गेले आहे त्यात कुमार गंधर्वांच्या लेखाचे स्थान फार वरचे. हिंदी पाठ्यपुस्तकातून तो देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचला. लताबाईंच्या गाण्यातील ‘गाणेपण’, स्वरांची निर्मळता, चित्रपटसंगीताने सामान्य माणसाच्या कानावर केलेला संस्कार, यांविषयी कुमारांनी जे लिहिले त्याहून मोठा गौरव क्वचित कोणी केला असेल. परंतु त्याच लेखात ते एक मतभेद नोंदवतात. लताचे गाणे करुण रसात विशेष प्रभावी आहे ही सर्वमान्य समजूत आपल्याला पटत नाही. मुग्ध शृंगाराची, मध्य आणि द्रुत लयीतील गाणी तिने अधिक उत्कटतेने गायिली, करुणाला मात्र तेवढा न्याय दिला नाही, असे त्यांचे मत आहे. शिवाय त्यांचे गाणे बहुधा वरच्या पट्टीत राहते, हीही त्यांची तक्रार आहे.

हे मत बरोबर की चूक? माझा कान कुमारांशी पूर्णपणे सहमत होत नाही. श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेल्या तुकोबांच्या अभंगांत जो आर्त शांतपणा आहे, त्याची व्यवस्था या मतात लागत नाही. तो करुण नव्हे, असे कोणी म्हणेल. तर मग त्यावर बोलता येईल. प्रश्न असा की फेब्रुवारी २०२२मध्ये निवडली गेलेली, वाजवली गेलेली, आठवली गेलेली लता ही प्रामुख्याने करुणाचीच होती. थट्टेखोर, लाडिक, द्रुत लयीत अवखळपणे धावणारी लता त्या दिवसांत जवळजवळ ऐकू आली नाही. शोकाने आपल्याला हवी ती गायिका निवडली. ज्याने तिला सर्वांत बारकाईने ऐकले त्याने जी बाजू तिची खरी मानली होती, नेमकी तीच त्या निवडीतून गळली. अभिनवगुप्ताने शोक आणि करुण यांत फरक केला होता. मुनीचा स्वतःचा शोक श्लोक झाला नाही. आस्वाद्य झालेला, साधारणीकृत शोक श्लोक झाला, असे त्याचे म्हणणे. सार्वजनिक शोकात साधारणीकरणाचा आभास असतो, प्रत्यक्षात प्रत्येकाचा ‘मी’ तसाच राहतो. ‘मी आणि दीदी’ या घाटाचे लेख आठवावेत. त्यांत गाण्याविषयीचे वाक्य शोधावे लागते.

आणखी एक दुवा आहे, जो या शोकाला इतर कलावंतांच्या शोकापासून वेगळा करतो. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीनशी झालेल्या युद्धात पडलेल्या जवानांसाठी कवी प्रदीप यांचे आणि सी. रामचंद्र यांनी स्वरबद्ध केलेले गीत लताबाईंनी नेहरूंसमोर गायिले. स्वातंत्र्योत्तर भारतात सार्वजनिक शोकाचा स्वर कसा असावा हे त्या गाण्याने ठरवून दिले. मोठे समूह ज्या आवाजाच्या आधारे रडायला शिकले, त्या आवाजासाठी रडायची वेळ आली तेव्हा दुसरा आवाज कोणाजवळ नव्हता; म्हणून तोच वाजवला गेला. मृत्युलेखांच्या शब्दकळेचे दारिद्र्य याही दृष्टीने समजून घेतले पाहिजे. आपल्या शोकाचे काम साठ वर्षे तिच्याकडे सोपवलेले होते.

या लेखनाचा पट अभ्यासाला घेणाऱ्या विद्यार्थ्याने ६ आणि ७ फेब्रुवारीच्या अग्रलेखांशी थांबू नये. मृत्युलेखांच्या शेजारी फर्माइशीच्या कार्यक्रमांची रीत ठेवून पाहावी. आकाशवाणी मुंबईची ‘आपली आवड’, विविध भारतीचे कार्यक्रम, रेडिओ सिलोन. तेथे गाण्याआधी श्रोत्यांची नावे वाचली जात. झुमरी तलैयाचा श्रोता त्यासाठी प्रसिद्ध झाला, पण आपल्याकडचीही किती गावे त्या यादीत येत! कोण, कोणत्या गावाहून, घरातील कोणाकोणासह हे गाणे ऐकू इच्छितो, ते निवेदक एका सुरात सांगे आणि मग गाणे लागे. लताबाईंच्या हयातीतील त्यांच्या श्रोत्यांची ती नामावळी होती. एकाच गाण्यासाठी दहा वेगळी घरे, दहा वेगळी गावे. आणि बाशीच्या नवऱ्याकडील श्रोत्याला व बार्शीच्या माहेरवाशिणीला तेच गाणे कशासाठी हवे होते, हे त्या यादीत सांगितलेले नसे, पण दोघे वेगवेगळे आहेत एवढे तरी नोंदवलेले असे. त्यांच्यापैकी अनेक श्रोते अजून हयात आहेत. त्यांना विचारता येईल.